दुडुदुडु चालणारं पोर आणि जपानी बाग: न्यावं की थांबावं?

कोबेकर_सई | शनिवार, रात्री १०.४०

लेक झोपली, सासूबाई झोपल्या, मला मात्र झोप नाही. आमच्या घरात आज दोन मतं पडली आहेत आणि मला तुम्हा सगळ्यांचं ऐकायचं आहे.

आम्ही चार वर्षं कोबेत राहतो. चिऊ पावणेदोन वर्षांची. सासूबाई पहिल्यांदाच जपानला आल्या आहेत. त्या राहतात पुण्यात सिंहगड रस्त्याला, आणि रोज सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जातात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे, म्हणूनच तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात. विमानतळावरून घरी येतानाच आईंनी विचारलं होतं, "ती मूळ बाग इथून किती लांब आहे गं?" शिन-कोबे स्टेशनहून नोझोमी ही बुलेट ट्रेन पकडली तर पाऊण तासही लागत नाही. ठरलं, शनिवारी जायचं.

ओकायामा स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. लोककथेतला, पीचमधून जन्मलेला तो पोरगा, सोबत कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी. चिऊने कुत्र्याला "भूभू" म्हणून हाक मारली आणि दिवस छान सुरू झाला. ट्रामने शिरोशिता, तिथून रमतगमत दहा मिनिटं. बाग आसाही नदीच्या बेटावर आणि पलीकडच्या काठावर काळाकभिन्न किल्ला, त्याला कावळ्याचा किल्लाच म्हणतात. आई पुलावर थांबून म्हणाल्या, "आमच्या बागेतून पर्वती दिसते, इथे हा किल्ला दिसतो. बरोबर आहे सगळं."

आत गेल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तळं, मोकळी हिरवळ, छोटीशी टेकडी, सगळ्याची त्यांना ओळख पटत होती. "हे आपल्याकडे डावीकडे आहे" असं त्या मलाच सांगत होत्या!

आणि मग आम्ही र्‍यूतेनला पोचलो. ही एक लाकडी बैठक आहे, खालच्या मजल्याला भिंतीच नाहीत, आणि मधोमध जमिनीतून पाण्याचा पाट वाहतो. पाटात सहा रंगीत दगड मांडलेत. आई म्हणाल्या, "अगं, आमच्या आजोळी गुहागरला आगरात असाच पाट होता." त्या टेकल्या. चिऊ पाटाशी उकिडवी बसली. एक वाळकं पान उचललं, पाण्यात सोडलं. पान पहिल्या दगडाला अडलं, गिरकी घेऊन सुटलं, दुसऱ्या दगडाजवळून सरकत पलीकडे बाहेर पडलं. चिऊ त्याच्या मागे धावत गेली, टाळ्या वाजवल्या, परत आली, दुसरं पान. असं किती वेळा केलं असेल! मी मोजणं सोडून दिलं. पाऊण तास तरी नक्की.

समोर एक आजोबा तिवई लावून फोटोसाठी थांबले होते. चिऊ दर मिनिटाला त्यांच्या चौकटीतून जात होती. ते काही बोलले नाहीत, पण दोनदा तिवई हलवली. नवऱ्याला ते सहन होईना. त्याने चिऊला उचललं, तिने जे भोकाड पसरलं ते अख्ख्या बागेत घुमलं. शेवटी तो तिला घेऊन तडक फाटकाबाहेर गेला, मागोमाग आम्ही दोघी. आईंचे ते प्रसिद्ध तांबड्या डोक्याचे क्रौंच राहिले, बागेतला चहाचा मळा राहिला, टेकडीवर चढणंही राहिलं.

नवरा म्हणतो, या बागा शांत बसून बघायच्या आहेत, चिऊ पाच-सहा वर्षांची होईपर्यंत थांबू. आई म्हणतात, बागेत पोर खेळणार नाही तर कुठे खेळणार. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. तुम्ही काय करता?

---

रानपाखरू | शनिवार, रात्री ११.०२

पानांचा खेळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. फोटो टाक ना!

---

निशिकासाई_बाबा | शनिवार, रात्री ११.३०

सई, तुझ्या नवऱ्याच्या जागी मी अनेकदा उभा राहिलोय, त्यामुळे त्याच्यावर रागावू नकोस. दोन मुलगे, एक साडेतीनचा, एक दीडचा. अनुभवाचे बोल सांगतो.

पहिली गोष्ट, मोठ्या बागेआधी छोट्या बागेत सराव करायचा. आमच्या तोक्योतल्या निशी-कासाईत ग्योसेन पार्क आहे. त्याच्या एका बाजूला हेइसेई तेइएन नावाची टुमदार जपानी बाग, तळं, धबधबा, काठावर चहाघर, सगळं आहे. दुसऱ्या बाजूला छोटंसं प्राणिसंग्रहालय. दोन्ही फुकट. पोरं आधी ससे-गिनीपिग बघतात, जीव शांत होतो, मग तळ्याशी कोई मासे बघत बसतात. पाण्याजवळ गेलं की माझं बोट धरायचं हा नियम तिथेच अंगवळणी पडला. मगच त्यांना कियोसुमी बागेत नेलं. तिथे तळ्याच्या कडेने पाण्यातून जाणारे दगड आहेत, कठडा नाही, आणि प्रत्येक दगडापाशी पोराला थांबायचं असतं कारण खाली कासव दिसतं. बोट धरायची सवय नसेल तर तिथे जाऊच नका.

दुसरी गोष्ट बाबागाडीची. जपानी बागेत खडी असते. मोठ्या चाकांची गाडीसुद्धा रुतते आणि झोपलेलं पोर उठतं. गाडी स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवायची आणि कॅरिअर पोटाला बांधायचं. चालून दमलं की आत टाकायचं.

तिसरी, सकाळी उघडता उघडता पोचायचं. कोराकुएन या दिवसांत साडेसातला उघडतं. आठ वाजता तिवईवाले असतात खरे, पण सहली आलेल्या नसतात. अकरानंतर पोर आणि बाग दोघंही दमतात.

---

शेवाळवेडी | रविवार, सकाळी ८.१५

मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नये.

मी सहा वर्षं क्योतोत आहे. एका छोट्या देवळाच्या बागेत महिन्यातून एकदा स्वयंसेवक म्हणून शेवाळातलं तण काढायला जाते. गुडघ्याखाली फळी ठेवून, चिमट्याने, एकेक काडी. दोन तासांत सुपाएवढी जागा होते. शेवाळाला खरी मुळं नसतात, नुसते बारीक तंतू जमिनीला चिकटलेले असतात. एक पाऊल जोरात पडलं, पायाखाली सरकलं, की तो तुकडा सुटतो. पुन्हा धरायला कित्येक महिने जातात, कधी धरतच नाही. दोन वर्षांच्या पोराला हे कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून मी म्हणते, शेवाळाच्या आणि वाळूच्या बागा पोर जरा मोठं होईपर्यंत नकोत. र्‍योआन्जीच्या देवळातल्या वाळूच्या बागेत पंधरा दगड आहेत, ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड लपलेलाच राहतो. हे बघायला बसावं लागतं, आणि शेजारी बसलेल्या माणसानेही त्यासाठी तिकीट काढलेलं असतं.

पण सई, तू गेलीस ती फिरायची बाग. दायम्यो, म्हणजे तिथला सरंजामदार, इकेदा त्सुनामासाने ती १६८७ मध्ये सुरू करवली, १७०० मध्ये पुरी झाली, आणि तिचं वेगळेपणच मोकळ्या हिरवळीत आणि वाहत्या पाण्यात आहे. र्‍यूतेन तर बांधलंच पाण्याशेजारी विसावायला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बागेतल्या बऱ्याच वास्तू जळाल्या, ही वाचली. तिथे एका पोराने पाऊण तास पाणी बघितलं, यात मला तरी काहीच चुकीचं दिसत नाही. बागेबागेत फरक करा एवढंच माझं म्हणणं.

---

सातारी_कंदी | रविवार, सकाळी ९.०५

@शेवाळवेडी, सुपाएवढी जागा! नमस्कार तुम्हाला. यापुढे शेवाळ बघताना हे आठवणार.

---

मृद्गंधा | रविवार, दुपारी १२.२०

शेवाळवेडी म्हणतात त्यात मी एक भर घालते.

कानाझावाजवळच्या एका बागेत आमचा लेक (तेव्हा दोन वर्षांचा) मागे राहिला होता. हाक मारली तर दोन्ही हातांनी काहीतरी पोटाशी धरून ऐटीत येताना दिसला. माझ्या हातात दिलं. मुठीहून थोडा मोठा गोल दगड, काळ्या सुंभाने चौकटीत बांधलेला, वर छान गाठ, धरायला जणू मूठच. मला वाटलं कुणाचं तरी खेळणं. मी म्हटलं "वा!" आणि तोही खूश.

तेवढ्यात पायवाटेने एक माळीबुवा आले. डोक्याला पंचा, पायात दोन बोटांचे काळे बूट. दगडाकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि चक्क उकिडवे बसले. मग मला समजावून सांगितलं, की हा सेकिमोरी-इशी, म्हणजे नाक्यावरचा पहारेकरी दगड. पायवाटेला फाटा फुटतो तिथे एका पायरीदगडावर ठेवतात. पाटी नाही, दोरी नाही, "आत येऊ नये" नाही. हा दिसला की माणसाने समजून दुसरी वाट धरायची.

आमच्या चिरंजीवांनी पहारेकऱ्यालाच उचलून आणलं होतं! माळीबुवांनी त्याचा हात धरला, दोघं मिळून गेले, आणि दगड जागच्या जागी ठेवला. ठेवताना बुवांनी गाठ वर येईल असा फिरवला. लेकानेही हात लावून थोडासा फिरवला. मग बुवा त्याला वाकून "आरिगातो" म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षांत आम्ही कितीतरी बागा फिरलो. लेक प्रत्येक बागेत पहारेकरी शोधतो, आणि सापडला की समोर हात जोडून उभा राहतो. एकदाही ओलांडून गेला नाही. तेव्हा "पोराला कळत नाही" हे मला पूर्ण मान्य नाही. सांगणारा माणूस उकिडवा बसला तर कळतं.

---

शेवाळवेडी | रविवार, दुपारी १२.४५

मृद्गंधा, हात टेकले. "कळणार नाही" हे वाक्य मागे घेते. माळीबुवांना माझा नमस्कार. ते सुंभ म्हणजे ताडजातीच्या शुरो झाडाच्या धाग्यांचा दोर, काळा रंगवलेला. आमच्या देवळात मीही गाठ शिकतेय, अजून जमत नाही.

---

होइकुएन_ताई | रविवार, दुपारी २.१०

मी योकोहामात एका पाळणाघरात काम करते, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

इथली मुलं बागेत जातात! रोज सकाळी ओसाम्पो, म्हणजे फेरफटका, असतोच. चालणारी मुलं दोघं दोघं हात धरून, एका रंगाच्या टोप्या घालून, आणि चालता न येणारी पाच-सहा जणं एका मोठ्या ढकलगाडीत उभी. जवळ जपानी बाग असेल तर तिथेही नेतो. बाई तळ्याशी पोचल्या की उकिडव्या बसतात (मृद्गंधाचे माळीबुवा अगदी डोळ्यांसमोर आले) आणि अगदी हळू आवाजात बोलायला लागतात. मुलं ऐकायला जवळ येतात आणि आपोआप हळू होतात. आपण आपल्या पोराला बागेत ओरडून सांगतो, "अगं ओरडू नकोस!"

सई, चिऊ ओरडली ती खेळ अर्धा तुटला म्हणून. आमच्याकडे उचलण्याआधी सांगतात, "अजून तीन पानं." मग मोजायची. पहिल्या दोन-चार वेळा रडतात, मग तिसऱ्या पानाला स्वतःच हात हलवून बाय करतात.

---

गोल्डनगेट_वहिनी | रविवार, रात्री ९.३०

आमच्याकडच्या जपानी बागेची गंमत सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधली बाग १८९४ च्या प्रदर्शनासाठी केलेली, अमेरिकेतली सगळ्यात जुनी सार्वजनिक जपानी बाग. तिथे एक ढोलासारखा उंच गोल पूल आहे. पूल म्हणण्यापेक्षा शिडीच, आडव्या पट्ट्यांवर पाय देत चढायचं. आमचं कन्यारत्न तीन वर्षांचं असताना भराभरा वर गेलं आणि वरून खाली बघून गोठलं. पुढेही जाईना, मागेही येईना. मागे रांग! शेवटी तिच्या मागे एक पंजाबी आजोबा होते, त्यांनी "चल पुत्तर" म्हणत उलटं उतरायला शिकवलं. रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जपानात असं झालं असतं तर टाळ्या वाजल्या असत्या का, माहीत नाही, पण वाट सगळ्यांनी बघितली असती.

---

टेम्सकाठी | रविवार, रात्री १०.१५

लंडनच्या हॉलंड पार्कातली क्योतो गार्डन (१९९१) आमची आवडती. तिथे मोर मोकळे फिरतात. आमच्या पोराला धबधबा, कोई, दगडी दिवे कशाचंच काही नाही, फक्त मोर. "नाच रे" म्हणत मोरामागे, मोर पुढे, मी मागे. मोर नाचला नाही.

---

पोटोबा | रविवार, रात्री १०.४०

सगळं ठीक आहे, पण खायला काय नेलंत? यावर कुणीच बोलेना.

---

कोबेकर_सई | रविवार, रात्री ११.००

@पोटोबा, आईंनी पहाटे उठून दशम्या आणि गुळांबा केला होता, चिऊला मेतकूट-भाताचे छोटे गोळे. ते बागेबाहेर नदीकाठी बाकावर बसून खाल्ले. कचरा पिशवीत घालून कोबेला परत. आणि हो, मोमोतारोचे किबिदांगो घेतले, ते फक्त मोठ्यांनी खाल्ले. मऊ, चिकट मोची (तांदळाची मिठाई) आहे, दोन वर्षांच्या आतल्या पोराच्या घशात अडकू शकते. दुकानदार बाईंनीही चिऊकडे बघून बोटाने नाही म्हटलं.

---

निशिकासाई_बाबा | सोमवार, सकाळी ७.५०

दशम्यांना एक नंबर. आयत्या वेळी काही नसेल तर कोनबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, ओनिगिरी (भाताचा गोळा). शाकाहारी असाल तर कोम्बू (समुद्रशेवाळ) किंवा उमेची (खारवलेलं आंबट फळ) बघा, पण मागचं लेबल वाचा, बऱ्याच वेळा त्यातही माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. आमचा धाकटा मीठ लावलेल्या साध्या ओनिगिरीवर खूश असतो.

अंथरून बसून खायचं असेल तर तोक्योत शिंजुकू ग्योएन उत्तम. आधी ती राजघराण्याची बाग होती, १९४९ पासून सगळ्यांना खुली. मोठ्या हिरवळी आहेत, डबा चालतो. दारू आणि चेंडू चालत नाहीत, सोमवारी बंद. एका टोकाला जपानी बाग, दुसऱ्या टोकाला लोळायला गवत, पोरासाठी दोन्ही एकाच तिकिटात.

---

सातारी_कंदी | सोमवार, सकाळी ९.१०

मी एकदा एका बागेत थालीपिठाचा डबा उघडला. शेजारच्या बाकावरच्या आजी वळून वळून बघायला लागल्या. मला वाटलं लसणाचा वास त्रास देतोय, मी डबा मिटला. तर त्या उठून आल्या आणि विचारलं, "हे कशाचं आहे?" अर्धं थालीपीठ दिलं. त्यांनी पिशवीतून मोसंबीसारखी फळं काढून माझ्या लेकीला दिली. तेव्हा तिवईवाल्या आजोबांच्या मनात काय होतं तेही आपण ठरवून टाकू नये असं मला वाटतं.

---

सिंहगडरोड_काकू | सोमवार, सकाळी ११.४०

मी पण त्याच बागेत रोज सकाळी जाते. तुझ्या सासूबाईंना मी बघितलेलंही असेल! आम्ही बायका तळ्याच्या कडेने तीन फेऱ्या मारतो आणि मग बसतो. मूळ बाग अशी आहे हे वाचून फार आनंद झाला. त्यांचं क्रौंच बघायचं राहिलं याची मात्र हुरहुर लागली. परत घेऊन जा गं त्यांना. या वयात पुन्हा जपानला येणं होतं न होतं.

---

जुनंपान | सोमवार, दुपारी ३.००

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

कोराकुएन या नावाचा अर्थ "मागाहून आनंद". आधी जगाच्या चिंता वाहाव्यात, आनंद सगळ्यांच्या शेवटी घ्यावा, अशा एका जुन्या चिनी वचनावरून ते आलं. ओकायामाच्या बागेला हे नाव १८७१ मध्ये मिळालं. तोक्योतल्या कोइशिकावा कोराकुएनचं नावही त्याच वचनावरून. लहान मुलांच्या आईबापांनी हे नाव दारावर कोरून लावावं असं आहे!

पण त्याहून महत्त्वाचं, जपानच्या तीन नामांकित बागांतली तिसरी, मितोची काइराकुएन. ती १८४२ ची, तोकुगावा नारिआकीने केलेली, आणि नावाचा अर्थ "लोकांसह आनंद". रयतेनेही यावं म्हणूनच केलेली. ओकायामाच्या बागेतही दायम्योच्या काळातच ठरावीक दिवशी सामान्य लोकांना सोडत असत, आणि १८८४ पासून तर ती सार्वजनिकच आहे. रयत म्हटलं की कडेवर पोर आलंच.

क्रौंचांचंही सांगतो. युद्धानंतर बागेत एकही उरला नव्हता. चीनचे लेखक कुओ मोजो तरुणपणी ओकायामात शिकायला होते. त्यांनी १९५६ मध्ये दोन क्रौंच भेट पाठवले, आणि बागेत पुन्हा क्रौंच आले. काकू म्हणतात तसं, सासूबाईंना ते दाखवाच.

---

अर्धा_कप_चहा | सोमवार, रात्री ८.२०

सईचा नवरा बोलतोय. तिने धागा वाचायला दिला, दोन दिवस वाचतोय.

मला लाज वाटली म्हणून मी उठलो असं सगळ्यांना वाटलं. थोडी वाटलीही. पण खरं कारण ते आजोबा. मी त्यांच्याकडे बघत होतो. ढग सरकून ऊन पाटावर पडायची ते वाट बघत होते, हातात केबल धरून. दोन वेळा ऊन आलं, दोन्ही वेळा चिऊ मध्ये. माझे बाबा असेच तासन्‌तास थांबायचे, जुन्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा, एक फोटो फुकट गेला की दिवसभर बोलायचे नाहीत. बाबा आता नाहीत. त्या आजोबांचा फोटो हुकू नये एवढंच मला वाटलं.

आईचे क्रौंच राहिले हे माझ्या लक्षातच आलं नाही. आई काही बोलली नाही, तिची सवयच ती. काकूंचं वाचून वाईट वाटलं. येत्या शनिवारी परत जातोय.

---

रानपाखरू | सोमवार, रात्री ८.३१

दादा... ❤

---

शेवाळवेडी | सोमवार, रात्री ९.००

@अर्धा_कप_चहा, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते फार बरं केलंत. जाताना एक करा. तिवई दिसली की आधी जाऊन विचारा, "किती वेळ लागेल?" थांबणाऱ्या माणसाला विचारलेलं आवडतं. तोवर चिऊला पाटाच्या दुसऱ्या टोकाला न्या. बागेतला पाटाचा प्रवाह जवळजवळ ६४० मीटर लांब आहे, सगळी पानं र्‍यूतेनमध्येच सोडायला हवीत असं नाही.

---

होइकुएन_ताई | सोमवार, रात्री ९.२५

आणि आळीपाळी करा! चौघांनी एकत्र बाग बघायचीच असं कुठे आहे? एक जण चिऊपाशी, बाकीचे दोघं फिरून येतील, मग बदली. चिऊला तिचं पाणी, आईंना त्यांचे क्रौंच.

---

कोबेकर_सई | पुढचा रविवार, सकाळी १०.१५

जाऊन आलो! सगळ्यांना उत्तर देते आहे.

पहाटेची गाडी पकडली, आठच्या आत फाटकाशी. बाबागाडी स्टेशनवरच ठेवली (@निशिकासाई_बाबा, खडीवरून कॅरिअर म्हणजे स्वर्ग). आत गेल्या गेल्या नवरा आणि आई क्रौंचांकडे गेले, मी आणि चिऊ पाटाकडे. र्‍यूतेनच्या बरंच आधी, जिथे पाट वळण घेतो तिथे बसलो. पाणी घोट्याएवढंही नाही, तळाची वाळू दिसते. चिऊने पान सोडलं. पान काठाच्या गवताला अडकलं. तिने मला बघितलं, मी काही केलं नाही. मग तिने एक बोट पाण्यात घालून अगदी हलकेच पान सोडवलं. मागच्या वेळी ती नुसती धावत होती, या वेळी पानाबरोबर चालली. पावलागणिक थांबत.

तासाभराने बदली केली. आई पाटाशी बसल्या आणि मी नवऱ्याबरोबर टेकडी चढले. छोटीशीच आहे, पण वरून सगळी बाग, तळं, नदीपलीकडचा किल्ला दिसतो. खाली बघितलं तर आजी-नात दोघी उकिडव्या, दोघींची डोकी पाण्यावर वाकलेली. लग्नानंतर आम्ही दोघं एखाद्या बागेत असे निवांत उभे राहिलोच नव्हतो बहुतेक.

निघायच्या वेळी मी "अजून तीन पानं" म्हटलं. दुसऱ्या पानालाच भोकाड! @होइकुएन_ताई, सवय लागायची आहे. पण पाच मिनिटांत शांत झाली, कारण आईंनी तिसरं पान तिच्या मुठीत दिलं, घरी न्यायला. ते आत्ता फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे.

आणि आईंचे क्रौंच. पिंजऱ्यासमोर त्या वीस मिनिटं उभ्या होत्या म्हणे, नवऱ्याने घड्याळ बघितलं नाही. चहाच्या मळ्यापाशी त्यांनी एक पान तोडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "इथे तोडायचं नसेल," म्हणाल्या. सिंहगडरोड_काकू, त्या ऑगस्टमध्ये परत येतायत, रोज सकाळी तळ्याच्या पुलापाशी साडेसहाला असतात. निळी चप्पल, पांढरी छत्री. नक्की भेटा, तुमच्यासाठी ओकायामाचा चहा पाठवतेय.

---

सिंहगडरोड_काकू | पुढचा रविवार, सकाळी १०.५०

अगं, निळी चप्पल, पांढरी छत्री! मी ओळखते त्यांना! आमच्या शेजारच्याच बाकावर बसतात. नावच माहीत नव्हतं.

---

पोटोबा | पुढचा रविवार, सकाळी ११.०५

आणि या वेळी डब्यात?

---

कोबेकर_सई | पुढचा रविवार, सकाळी ११.१०

तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. नवऱ्याने चार पुऱ्या कागदात बांधून बाजूला ठेवल्या होत्या, ते आजोबा भेटले तर द्यायला. ते नव्हते. परतीच्या गाडीत त्यानेच खाल्ल्या.

---

निशिकासाई_बाबा | पुढचा रविवार, दुपारी १२.३०

पुढच्या रविवारी आम्ही तीन कुटुंबं सकाळी साडेनऊला ग्योसेन पार्कात जमतोय, तळ्याच्या काठी. तोक्यो परिसरात कुणी पोरंबाळं घेऊन येणार असेल तर इथेच कळवा. पाऊस असला तर रद्द. कपड्यांचा एक जास्तीचा जोड आणा, मागच्या वेळी तीन पोरं भिजली होती.

---

होइकुएन_ताई | पुढचा रविवार, दुपारी १२.४४

मी योकोहामाहून येते. पिवळ्या टोप्या आणते सगळ्यांना!